लांब नाकाचं जहाज

दादा रजेवर घरी आला तेव्हा बाहेर कडक ऊन होतं आणि त्याच्या बुटांतून पाणी निघत होतं. उंबऱ्यापाशी बूट उलटे ठेवत तो बहिणीला म्हणाला, "तुमचं जहाज झकास आहे गं धाकटे. फक्त ते समुद्रात न्यायला नको होतं."

धाकटी गोदीच्या नकाशाघरात काम करायची. विज्ञानाची पदवी घेऊन ती शाळेत शिकवायला जाणार होती, तेवढ्यात युद्ध लागलं आणि नकाशाघरातली निम्मी माणसं आघाडीवर गेली. रिकाम्या टेबलांपैकी एक तिला मिळालं. गोदीत तिला सगळे मोजपट्टी म्हणत. समोर येईल ती वस्तू ती मोजून पाहायची. नवीन डबा घेतला तर आधी त्याची खोली मोजायची, मग त्यात जेवण भरायची.

गोदी लहान होती. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीची लाकडी जहाजं बांधली जात. शत्रूच्या पाणबुड्या मालवाहू जहाजं बुडवू लागल्या तेव्हा वरच्या कार्यालयाला घाईने शेकडो रक्षक जहाजं हवी होती, आणि मोठ्या गोद्या मोठ्या युद्धनौकांत अडकल्या होत्या. म्हणून कुणीतरी शहाणपणाने असा नकाशा काढला की ज्याला मासेमारीची जहाजं बांधता येतात त्याला हेही बांधता यावं. ओळखीचा आकार, एकच इंजिन, सरळ कामं. फक्त लाकडाच्या जागी लोखंड. पुढे उंच नाक, त्याच्या आत खलाशांची कोठडी. नाकाच्या मागे डेक एकदम खाली उतरलेलं आणि उघडं. त्याच्या मागे कप्तानाचा मनोरा, आणि पार मागे भटारखाना. शेपटीवर बॉम्बची पिंपं, पाणबुडीच्या डोक्यावर लोटून द्यायची.

हे जहाज किनाऱ्याजवळ फिरण्यासाठी होतं. पण वर्षभरात पाणबुड्या किनारा सोडून भर समुद्रात गेल्या, आणि जहाजालाही त्यांच्यामागे जावं लागलं.

दादा याच गोदीच्या पहिल्या रक्षक जहाजावर आचारी होता. जेवताना त्याने सगळ्यांना पोट धरून हसवलं. भटारखाना मागे आणि खाणारी तोंडं पुढे. मधलं उघडं डेक एका बसच्या लांबीचं. वादळात प्रत्येक लाट तिथे पाय पसरून बसते. तो मागे रस्सा करतो, गडी तो पुढे नेतो, आणि पुढे पोचतो तो समुद्र. खलाशी म्हणतात, आचारी आळशी आहे, पण मीठ टाकायला मात्र कधी विसरत नाही. शिवाय जहाज असं डोलतं की दोन्ही हातांनी काहीतरी धरलं नाही तर माणूस भिंतीवर जेवतो. कोठडीतही सगळं ओलं. एकदा अंथरूण ओलं झालं की बंदर येईपर्यंत ओलंच.

आई हसून हसून पदर डोळ्यांना लावत होती. धाकटी हसत नव्हती. तिने विचारलं, "भांडं नेताना दोन्ही हात अडकलेले असतात. मग धरतात कशाला?"

दादाने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "धरत नाहीत. पाळीपाळीने नेतात. मागच्या फेरीत एकाची पाळी होती. भांडं मीच हातात दिलं. झाकण घट्ट लाव म्हणालो. लाट गेली तेव्हा तिथे फक्त झाकण होतं."

आईने पदर खाली घेतला. दादाने उठून हात धुतले आणि झोपायला गेला.

त्याच्या जहाजाचा बॉयलर फुटायला आला होता, दुरुस्तीला महिने लागणार होते. तोवर तेच खलाशी आणि तोच कप्तान गोदीत तयार होत असलेल्या दुसऱ्या जहाजावर जाणार होते. ते जहाजही त्याच नकाशाचं होतं. हिवाळ्याच्या तोंडाशी मालवाहू जहाजांच्या ताफ्याबरोबर, त्याची राखण करत निघायचं होतं. म्हणजे दादा पुन्हा त्याच डेकमागे उभा राहून कुणाच्या तरी हातात भांडं देणार होता.

दुसऱ्या दिवसापासून धाकटी इतर काम सांभाळून एकच गोष्ट मांडत बसली. नाकाचं उंच डेक तसंच मागे ओढत मनोऱ्याच्या पलीकडे, भटारखान्यापर्यंत नेलं तर उघडा खड्डा झाकला जाईल. खाली कोरडी वाट होईल, कोठडीला जागाही मिळेल. प्रश्न वजनाचा होता. लोखंड उंचावर चढवलं की जहाज कलंडण्याची भीती. पण तिने आकडे मांडले आणि तिला जे दिसलं त्याने ती खुर्चीत सरळ बसली. या जहाजाचं तळाचं वजन गरजेपेक्षा जास्त होतं. ढकलली की ताडकन उठणारी बाहुली असते, तसं ते होतं. म्हणूनच ते माणसांना भिंतीवर आपटत होतं. वर थोडं वजन चढवलं तर ते उलट सावकाश डोलेल. फार चढवलं तर मात्र कललेलं जहाज परत उठणार नाही. या दोन्हींच्या मध्ये एक जागा होती, आणि तिचं डेक त्या जागेत बसत होतं.

वरच्या कार्यालयाचे निरीक्षकसाहेब महिन्यातून एकदा गोदीत येत. त्यांना गोदीत शिक्का म्हणत, कारण ते स्वतःहून कधी काही करत नसत, फक्त उमटत. धाकटीने आकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते वाचले, अगदी नीट वाचले, आणि कागद परत दिला. त्यांच्या हाताखाली अशा कितीतरी गोद्या होत्या, आणि प्रत्येक गोदीत कुणाला ना कुणाला नकाशापेक्षा जास्त कळत होतं. प्रत्येकाचं ऐकलं तर एकही जहाज वेळेवर निघालं नसतं, आणि जहाज नाही म्हणजे ताफा उघडा. लोखंड नाही, वेळ नाही, परवानगी नाही. "खलाशी भिजतात," ते म्हणाले. "ते खलाशीच आहेत."

धाकटी तिथून तडक मालकीणबाईंकडे गेली. नवरा वारल्यापासून गोदी त्याच चालवत. त्यांचं ऑफिस म्हणजे लाकडी जिन्यावरची एक खोली, जिच्या खिडकीतून सगळी गोदी दिसे आणि सगळ्या गोदीला त्या दिसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, की मुली, तुझा भाऊ त्यावर नसता तरी तू हे मांडलं असतंस का.

"नसतं," धाकटी म्हणाली. "मला कळलंच नसतं. पण आकडे तेच आले असते."

मालकीणबाई खिडकीशी गेल्या. बंदराच्या तोंडाशी एक मालवाहू जहाज बॉम्ब लागून आडवं पडलं होतं, आणि त्याचा मालक त्यांच्या ओळखीचा होता. जहाजाचे वरचे पत्रे काढून न्यायला त्याची काही हरकत नव्हती. म्हणजे लोखंडाचा प्रश्न सुटला. वेळेचं बोलायचं तर लोक सुट्टीच्या दिवशी काम करायला तयार आहेत का, ते मिस्त्रींना विचारायचं. आणि परवानगी, मालकीणबाई म्हणाल्या, मागितली की नाही म्हणतात, हे आता आपल्याला ठाऊक झालं आहे.

मिस्त्री गोदीतले सगळ्यांत जुने. हातोडीच्या आवाजावरून पत्रे जोडणारा रिवेटचा खिळा बसला की नाही ते सांगत. त्यांना लोखंड आवडत नसे. लाकूड बोलतं, लोखंड नुसतं ओरडतं, असं त्यांचं मत. धाकटीने त्यांना भांड्याची गोष्ट सांगितली, आकडे सांगितलेच नाहीत. त्यांनी विडी विझवली आणि माणसं गोळा करायला गेले.

पुढचे काही आठवडे गोदीत एक चमत्कारिक शिस्त होती. साहेब येण्याच्या दिवशी जहाजाच्या नाकावर ताडपत्री असे आणि त्याखाली रंगकाम चालू असल्याचं सांगत. साहेबांना नवा कोट प्रिय होता, त्यामुळे ते ओल्या रंगाच्या जवळ जात नसत. पण जहाज पाण्यात उतरलं त्या दिवशी ताडपत्री काढावीच लागली. जहाज धक्क्याला लागलं होतं, वारा पडला होता, आणि साहेब धक्क्यावर उभे राहून त्या लांब नाकाकडे इतका वेळ बघत राहिले की मागे काम करणाऱ्यांचे हात आपोआप थांबले.

ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, हे कुणाच्या सांगण्यावरून.

"माझ्या," धाकटी म्हणाली.

"आणि माझ्या," मालकीणबाई म्हणाल्या.

"मी फक्त ठोकलं," मिस्त्री म्हणाले, "पण मनापासून ठोकलं."

साहेब म्हणाले, हे कापून काढा. धाकटीने सांगितलं, आधी डोलवून बघा. डोल चुकला तर मी स्वतः कापणाऱ्याला दिवा धरते.

डोलवणं ही गोदीची जुनी पद्धत. शांत पाण्यात जहाजाचे दोर सैल सोडायचे, पंचवीस-तीस माणसं डेकवर एका रांगेत उभी करायची आणि शिट्टीवर त्यांना या काठापासून त्या काठापर्यंत पळवायचं. झोपाळ्याला हळूहळू झोका चढतो तसं जहाज डोलायला लागतं. मग माणसांना मधोमध थांबवायचं आणि एका डोलाला किती वेळ लागतो ते मोजायचं. पटकन डोललं तर ताठ, फार सावकाश डोललं तर कमकुवत. साहेबांना ही पद्धत मान्य होती. त्यांच्या नियमांतही ती होती.

गोदीतले लोक आणि जहाजाचे खलाशी मिळून रांग झाली. दादाही त्यात होता, पोटावर एप्रन तसाच. साहेब घड्याळ घेऊन खाली जहाजाच्या तळाशी उतरले. तिथे छताला एक ओळंबा टांगला होता आणि खाली आखलेली पट्टी. धाकटी त्यांच्या शेजारी. वर शिट्टी झाली, आणि डोक्यावरून एवढे पाय एकदम पळत गेले. पुन्हा शिट्टी, पाय परत. कुणीतरी हसलं, कुणीतरी घसरलं. दादाचा आवाज आला की आयुष्यात पहिल्यांदा जहाज मला नाही, मी जहाजाला हलवतोय. ओळंबा पट्टीवर इकडून तिकडे जाऊ लागला. मग दोन शिट्ट्या झाल्या आणि पाय थांबले.

साहेबांनी वेळ मोजली. पुन्हा मोजली. घड्याळ धाकटीपुढे धरलं.

जहाज सुस्त होतं. तिच्या आकड्यांपेक्षा कितीतरी सुस्त. एका बाजूला कललं की तिथेच रेंगाळत होतं, जणू परत यायचं की नाही याचा विचार करतंय. असं जहाज वादळात एकदा कललं की गेलं, सगळ्यांना घेऊन.

"कापा," साहेब म्हणाले. आवाजात विजय नव्हता. त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं आणि शिडीकडे वळले.

धाकटी जागची हलली नाही. तिला स्वतःची एक एक ओळ आठवत होती. पत्र्यांचं वजन, त्यांची उंची, बॉयलर, कोळसा. चूक सापडत नव्हती, आणि ओळंबा तर खोटं बोलत नाही. तो आता स्थिर होत चालला होता. वर माणसं गप्प होती. त्या शांततेत तिला पायाखालून आवाज आला. सळसळ, थोडी थांबून पुन्हा सळसळ. जहाज जवळजवळ थांबलं होतं आणि चालायला अंथरलेल्या फळ्यांखाली काहीतरी अजून या बाजूकडून त्या बाजूकडे जात होतं.

तिने गुडघ्यावर बसून तळाची एक फळी उचकटली. खाली पाणी होतं, कोपरभर खोल, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"साहेब, थांबा," ती म्हणाली. "परातीत पाणी घेऊन कधी चालला आहात का?"

साहेब शिडीवर थांबले. पाणी पसरट भांड्यात असलं की ज्या बाजूला कलतं तिकडेच धावतं आणि तीच बाजू आणखी दाबतं. हे त्यांना सांगावं लागलं नाही. ते खाली उतरले आणि वाकून बघितलं. गळती आहे का, त्यांनी विचारलं. धाकटीने बोट बुडवून चाखलं. गोडं होतं. समुद्रातून आलेलं नव्हतं, नळाचं होतं. कुणीतरी मुद्दाम भरलं होतं.

वर जाऊन तिने विचारलं तेव्हा रांगेतले सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग मिस्त्रींनी घसा साफ केला.

"मीच भरलं. पाण्यात उतरवायच्या आधी तळाशी पाणी सोडून ठेवायचं असतं. फळ्या फुगतात, सांधे घट्ट बसतात. माझे वडीलही सोडायचे."

"काका," धाकटी म्हणाली, "हे लोखंड आहे."

"ते मला माहीत आहे," मिस्त्री म्हणाले. "हातांना माहीत नव्हतं."

दादा पहिला हसला, मग सगळी रांग. मिस्त्रींचा चेहरा तांबडालाल झाला. त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही, पंप स्वतः चालवला. उरलेलं पाणी बादल्यांनी काढलं, पुसून घेतलं. साहेबांनी प्रत्येक फळी उचलायला लावली आणि स्वतः दिवा धरून तळ तपासला. मग पुन्हा दोर सैल झाले, पुन्हा शिट्टी, पुन्हा पाय.

या वेळी जहाज सरळ माणसासारखं डोललं. घाई नाही, रेंगाळणं नाही. घड्याळातला आकडा धाकटीच्या आकड्याच्या अगदी लगत आला. साहेबांनी आणखी तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा त्यांनी तिच्याकडे न बघता मान हलवली.

पण डेकवर येऊन ते म्हणाले की आकडा बरोबर आहे आणि तरीही मी सही करू शकत नाही. जहाज मंजूर नकाशाप्रमाणे असलं पाहिजे, हा नियम आहे. हे नाही. कापा.

कप्तान मनोऱ्यापाशी उभा होता. तो म्हणाला की ताफा या आठवड्यात निघतो. कापायला किती दिवस लागतील? मिस्त्रींनी आकाशाकडे बघून बराच विचार केला. नाक जोडायला जेवढे लागले त्याच्या दुप्पट, ते म्हणाले. मनापासून ठोकलं आहे ना.

साहेब चिडले. ही अडवणूक आहे, ते म्हणाले.

"हो," धाकटी म्हणाली. "तुम्ही म्हणालात, जहाज नसलं तर ताफा उघडा. जहाज इथे आहे. डोललं तेही तुम्ही बघितलंत. जहाज आणि नकाशा सारखे असायला हवेत, एवढाच नियम आहे ना? मग जहाज बदलायला दोन महिने लागतील. नकाशा बदलायला मला दुपार पुरेल."

तिने बगलेतली गुंडाळी सोडून डेकवर पसरली. नकाशा तयारच होता, स्वच्छ, शाईत, फक्त सहीची जागा कोरी.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर कापा असं तुमच्या हाताने लिहून द्या. खाली लिहा, की यापुढे या डेकवरून जो वाहून जाईल तो नियमाप्रमाणे गेला."

दादा रांगेतून निघून भटारखान्यात गेला. चुलीवरचं झाकणाचं भांडं त्याने दोन्ही हातांनी उचललं, वाफाळतं. मग तो तिथून निघाला, नव्या डेकखालच्या वाटेने चालत पुढे कोठडीत गेला, आणि तिथून परत येऊन त्याने साहेबांच्या हातात रश्शाचा एक पेला दिला. झाकण त्याने काखेत धरलं होतं.

साहेब पेला हातात घेऊन उभे राहिले. गरम होता, म्हणून त्यांनी तो या हातातून त्या हातात घेतला. मग खिशातून पेन काढलं. सही करताना त्यांनी पेला धरायला धाकटीकडे दिला, आणि सही झाल्यावर परत मागून घेतला.

जहाज ताफ्याबरोबर वेळेवर निघालं.

हिवाळाभर घरी एक-दोन ओळींची पत्रं येत राहिली, ज्यांत हवेबद्दल तक्रारी असत आणि बाकी सगळं लष्करी तपासनिसाने काळ्या शाईने खोडलेलं. वसंतात जहाज परत आलं तेव्हा गोदीतल्यांनी आधी ते ओळखलंच नाही. लांब नाकाचं टोक चेपून आत गेलं होतं, एखाद्या मुष्टियोद्ध्याच्या नाकासारखं. मिस्त्रींनी धक्क्यावरूनच शिवी दिली आणि मग टोपी काढली.

दादाने ते सांगितलं, यावेळीही जेवताना. जहाजावर एकजण असतो, त्याला सगळे कान म्हणतात. तो पाण्यात आवाज सोडतो आणि तो कशावर आपटून परत येतो का ते ऐकत बसतो. पूर्वी अर्धा वेळ त्याचे दात वाजत. आता तो कोरड्या कपड्यांत, पोटात गरम काहीतरी घालून बसायचा. एकदा पहाटेपासून दुपारपर्यंत त्याने एका पाणबुडीचा माग सोडला नाही. पिंपं पडली, पाणबुडी वर आली, पण इतकी जवळ की तोफेचं तोंड तेवढं खाली वळेना. मग कप्तान म्हणाला, नाक आहे आपल्याकडे, आणि जहाज सरळ तिच्यावर घातलं.

"आणि माणसं?" आईने विचारलं.

"आमची सगळी परत आली," दादा म्हणाला. "आता माझ्या डोक्याला ताप. रस्सा गरम असतो म्हणून प्रत्येकजण दुसऱ्यांदा मागतो." त्याने ताट पुढे सरकवलं. हात धुवायला उठला, पण गेला नाही, परत बसला.

त्याच आठवड्यात निरीक्षकसाहेब गोदीत आले. वरच्या कार्यालयाने हुकूम काढला होता की यापुढची सगळी रक्षक जहाजं लांब डेकची असावीत, आणि असलेल्या जहाजांची डेकंही सवडीने वाढवावीत. कल्पना कार्यालयाच्या अभ्यासातून निघाली, असं त्यात म्हटलं होतं. साहेबांनी ते वाचून दाखवलं आणि थोडं अवघडून म्हणाले की तुमचा उल्लेख नाही, मी सुचवलं होतं.

धाकटीने खांदे उडवले. मालकीणबाई वरच्या खिडकीतून बघत होत्या. मिस्त्री चेपलेल्या नाकावर हातोडी वाजवून आवाज ऐकत होते. तिने टेबलावरचा दुसरा नकाशा साहेबांकडे फिरवला. त्यात भटारखाना मागून उचलून पुढे, कोठडीच्या शेजारी आणलेला होता.

साहेबांनी तो नीट वाचला. मग चष्मा काढून पुसला.

"याला परवानगी नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे," धाकटी म्हणाली. "मागितलेली नाही."